‘ग्राही’ या संज्ञेची अर्धी बाजू : पुनर्संयोजित मानवी सीडी-४ प्रथिनाच्या माहितीपत्रकाचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

प्रयोगशाळेत मागविलेल्या प्रथिनाच्या कुपीबरोबर एक-दोन पानांचे माहितीपत्रक येते. कुपीत बहुधा ५० किंवा १०० मायक्रोग्रॅम एवढी, डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी, गोठवून वाळविलेली पांढरी पूड असते. पत्रकावर प्रथिनाचे नाव, ते कोणत्या पेशींत तयार केले, त्याची शुद्धता किती, ते कोणत्या तापमानाला ठेवावे आणि ‘केवळ संशोधनासाठी’ ही सूचना, एवढा मजकूर असतो. संशोधक त्यातील तापमानाची ओळ वाचतो आणि पत्रक फाइलला लावून टाकतो. साहित्याच्या अभ्यासकापर्यंत हा मजकूर पोहोचत नाही आणि विज्ञानाच्या अभ्यासकाला ती वाचण्याजोगी संहिता आहे असे वाटत नाही. परिणामी, ज्या मजकुरावर असंख्य प्रयोगांची भिस्त असते तो समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहतो.

प्रस्तुत लेखात अशा एका मजकुराचे वाचन करण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी मानवी रोगप्रतिकार यंत्रणेतील सीडी-४ या ग्राहीचे पुनर्संयोजित प्रथिन निवडले आहे. निवडीचे कारण असे की, या प्रथिनाचा इतिहास चार दशकांचा आहे, त्यात मोठी आशा, मोठे अपयश आणि काही टिकाऊ यश असे सर्व आहे, आणि तो पुरेसा नोंदलेला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : कुपीवर नाव असते संपूर्ण ग्राहीचे, कुपीत असतो त्या ग्राहीचा पेशीबाहेरचा भाग. ग्राही दोन कामे करतो, बाहेरच्या रेणूला धरतो आणि आतल्या पेशीला कळवितो. कुपीतील प्रथिनात धरणे शिल्लक असते, कळविणे गेलेले असते. तरीही नाव तेच राहते, आणि नावाबरोबर संपूर्ण ग्राहीची प्रतिष्ठाही त्या तुकड्याला मिळते.

संज्ञांचा विचार

‘रिसेप्टर’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘ग्राही’ हा शब्द वापरला जातो. गुणग्राही, सारग्राही या शब्दांशी असलेल्या नात्यामुळे तो मराठी वाचकाला परका वाटत नाही. ग्रहण करणारा तो ग्राही. मात्र या शब्दात क्रिया थांबते ती ग्रहणापाशी. घेतल्यानंतर पुढे काय, याची सूचना त्यात नाही. इंग्रजी शब्दाचीही हीच अडचण आहे, त्यामुळे दोष मराठी परिभाषाकारांचा नाही. परंतु जीवशास्त्रात ग्राहीचे महत्त्व तो घेतो म्हणून नसून घेतलेले पुढे पोहोचवितो म्हणून आहे. पेशीपटलाबाहेर एक रेणू येऊन बसला आणि आत काहीच घडले नाही, तर ते ग्रहण पेशीच्या दृष्टीने घडले नाही असेच म्हणावे लागेल. गावच्या पाटलाच्या दारात टपाल येऊन पडावे आणि ते उघडून वाचणारा घरात कोणी नसावा, तशी ही स्थिती.

‘सीडी-४’ या नावाचा इतिहासही याच दिशेने बोलका आहे. श्वेतपेशींच्या पृष्ठभागावरील रेणू ओळखण्यासाठी १९७० च्या दशकाअखेरीपासून निरनिराळ्या प्रयोगशाळांनी एकस्रोती प्रतिपिंडे तयार केली. प्रत्येकाने आपल्या प्रतिपिंडाला आणि त्याने ओळखलेल्या रेणूला आपापले नाव दिले. एकाच रेणूला कोणी टी-४ म्हणत होते, कोणी ल्यू-३. हा गोंधळ आवरण्यासाठी १९८२ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली आणि एकाच रेणूला बांधणाऱ्या प्रतिपिंडांचे गट करून त्यांना क्रमांक देण्यात आले. सीडी-४ हा त्यांपैकी चौथा गट. म्हणजे हे नाव त्या रेणूच्या कार्यावरून पडलेले नाही. त्याला कोण येऊन बांधते यावरून ते पडले आहे. नामकरणापासूनच बांधणी ही ओळख ठरली आणि कार्य मागे राहिले, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात तर या संज्ञेला आणखी एक आयुष्य लाभले. २००४ मध्ये एचआयव्हीबाधितांसाठी शासनाने मोफत औषधोपचार सुरू केला, त्या पहिल्या राज्यांमध्ये महाराष्ट्र होता. उपचार केंद्रांच्या रांगांमध्ये ‘सीडी-फोर किती आला?’ हा प्रश्न मराठी झाला. सुरुवातीच्या काळात एका घनमिलिमीटर रक्तात अशा पेशी २०० च्या खाली आल्या की औषध सुरू होई. २०१७ पासून संख्येची अट न ठेवता सर्व बाधितांना उपचार देण्याचे धोरण आले, पण शब्द रुजला तो रुजलाच. या प्रश्नातील सीडी-फोर म्हणजे पेशी. रोगप्रतिकारशास्त्राच्या पुस्तकातील सीडी-४ म्हणजे त्या पेशीच्या पटलात रुतलेला ग्राही. आणि कुपीवरील सीडी-४ म्हणजे त्या ग्राहीचा कापून घेतलेला बाह्यभाग. एकाच नावाखाली पेशी, तिचा एक अवयव आणि त्या अवयवाचा एक तुकडा असे तीन निरनिराळे पदार्थ वावरत आहेत. रांगेतील रुग्णाची यात काही फसगत होत नाही, संशोधकाची मात्र होऊ शकते.

माहितीपत्रकाची संहिता

आता पत्रकावरील शब्दांकडे वळू. सर्वसाधारणपणे शीर्षक असते ते ‘पुनर्संयोजित मानवी सीडी-४ प्रथिन’ असे. यांतील प्रत्येक शब्द खरा आहे. परंतु प्रत्येक शब्द खरा असूनही संपूर्ण शीर्षक अपुरे असू शकते, याचा हा नमुना आहे.

‘मानवी’ हा शब्द घेऊ. कुपीतील प्रथिन कोणत्याही माणसाच्या शरीरातून काढलेले नसते. माणसाच्या जनुकातील सूचना दुसऱ्या पेशींना देऊन त्यांच्याकडून ते तयार करून घेतले जाते. या पेशी पुष्कळदा चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजांडकोशापासून १९५७ मध्ये थिओडोर पक यांनी वेगळ्या केलेल्या पेशींच्या वंशातील असतात. काही वेळा त्या एचईके-२९३ या नावाच्या मानवी पेशी असतात. १९७३ मध्ये नेदरलँड्समधील लायडेन येथे फ्रँक ग्रॅहम यांनी मानवी भ्रूणाच्या वृक्कापासून त्या तयार केल्या आणि त्यांच्या प्रयोगवहीतील अनुक्रमांक नावात कायम राहिला. तेव्हा ‘मानवी’ याचा अर्थ ॲमिनो आम्लांचा क्रम मानवी, एवढाच. प्रथिनावर चढणाऱ्या शर्करांच्या साखळ्या मात्र यजमान पेशीच्या पद्धतीच्या असतात. सीडी-४ च्या बाबतीत या साखळ्या बाह्यभागातील तिसऱ्या आणि चौथ्या खंडावर दोन ठिकाणी असतात. पहिल्या दोन खंडांवर त्या नसल्याने तेवढा भाग जीवाणूंकडूनही तयार करून घेता येतो. मजकुराचा क्रम एका घराण्याचा आणि अलंकार दुसऱ्या घराण्याचे, असा हा प्रकार. तो नेहमीच बाधक ठरतो असे नाही. पण तो वाचकास माहीत असणे आवश्यक आहे.

‘सीडी-४’ या शब्दाबाबत मतभेदाला अधिक जागा आहे. परिपक्व मानवी सीडी-४ ही ४३३ ॲमिनो आम्लांची साखळी आहे. तिचा सुमारे ३७० आम्लांचा भाग पेशीबाहेर, चार खंडांत विभागलेला. मग पेशीपटलातून आरपार जाणारा आखूड भाग. आणि आत सुमारे ४० आम्लांचे शेपूट. हे शेपूट लांबीने एक-दशांशाहूनही कमी असले तरी त्याला एलसीके नावाचे विकर जोडलेले असते आणि संदेश आत पोहोचविण्याचे काम त्या विकराच्या साहाय्याने होते, हे १९८८ च्या सुमारास स्पष्ट झाले. पुनर्संयोजित प्रथिन तयार करताना पटलातील भाग आणि शेपूट काढून टाकावे लागते, कारण पटलातला तेलकट भाग ठेवला तर प्रथिन पाण्यात विरघळत नाही. कापणे हे येथे तांत्रिक गरजेपोटी आहे, त्यात लबाडी नाही. पत्रकाच्या आतल्या एखाद्या ओळीत कोणत्या आम्लापासून कोणत्या आम्लापर्यंतचा भाग घेतला ते क्रमांकही दिलेले असतात. तक्रार एवढीच की ही गोष्ट शीर्षकात नसते, बारीक अक्षरांत असते. एखाद्या कादंबरीची शेवटची काही प्रकरणे गाळून ती मूळ नावानेच प्रसिद्ध केली आणि गाळल्याची नोंद मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस पृष्ठक्रमांकांत दिली, तर आपण प्रकाशकाला जाब विचारला असता.

याबाबतीत जुने लेखन अधिक प्रामाणिक होते असे दिसते. १९८० च्या दशकाअखेरीच्या शोधनिबंधांत या प्रथिनाला ‘विद्राव्य सीडी-४’ म्हणत. त्या एका विशेषणात सारी कथा होती : पटलातून सुटलेला, म्हणून पाण्यात विरघळणारा, म्हणून पेशीशी नाते तुटलेला. आजच्या शीर्षकांतून हे विशेषण पुष्कळदा गळते आणि त्याच्या जागी ‘हिस टॅग’ किंवा ‘एफसी’ अशी जोडशब्दांची शेपटी येते. पहिली म्हणजे शुद्धीकरण सोपे व्हावे म्हणून जोडलेली सहा हिस्टिडिनांची माळ. दुसरी म्हणजे प्रतिपिंडाचा देठ. एफसी जोडल्याने दोन रेणू एकत्र येऊन जुळे तयार होते आणि एका हाताने धरणारा ग्राही दोन हातांनी धरू लागतो. त्यामुळे बांधणी मोजमापात अधिक घट्ट दिसते. हा घट्टपणा ग्राहीचा किती आणि देठाचा किती, हे न विचारता आकडा उद्धृत करण्याची प्रथा आहे.

‘शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक’ या विधानाने वाचक निर्धास्त होतो. ही शुद्धता सामान्यतः प्रथिने विद्युत्-क्षेत्रात जेलमधून पळवून, त्यांच्या आकारमानानुसार पट्टे पाडून मोजली जाते. या पद्धतीत प्रथिनाची घडी आधीच उलगडलेली असते. सबब दुसऱ्या आकारमानाची प्रथिने नाहीत, एवढेच तिच्यावरून कळते. कुपीतले प्रथिन योग्य घडीत आहे की नाही ते तिच्यावरून कळत नाही.

उरला ‘क्रियाशील’ हा शब्द. मला पत्रकातील सर्वांत विचारात पाडणारी जागा हीच वाटते. सीडी-४ च्या पुनर्संयोजित प्रथिनाची क्रियाशीलता पुष्कळदा एचआयव्हीच्या जीपी-१२० या पृष्ठप्रथिनाला ते बांधते का, यावरून ठरविली जाते. ही बांधणी नॅनोमोलर श्रेणीतील, म्हणजे फारच घट्ट असल्याने मोजायला सोयीची. सीडी-४ चा शरीरातील स्वाभाविक जोडीदार मात्र एमएचसी वर्ग-२ हा रेणू आहे आणि त्याच्याशी असलेली बांधणी इतकी दुबळी, शेकडो मायक्रोमोलर ते मिलिमोलर श्रेणीतील, की कुपीतल्या सुट्या प्रथिनाने ती मोजणे जिकिरीचे होते. पेशीच्या पृष्ठभागावर हे दुबळेपण दोष ठरत नाही. तेथे शेकडो रेणू शेजारी असतात, मुख्य टी-पेशी ग्राही सोबतीला असतो आणि आतले शेपूट आपले काम करीत असते. सुटा झालेला सीडी-४ स्वकीयाला ओळखण्यात उणा पडतो आणि शत्रूला मात्र घट्ट धरतो. मानवी रोगप्रतिकार ग्राहीची ‘क्रियाशीलता’ अशा रीतीने विषाणूच्या मापाने मोजली जाते, आणि पत्रकावर केवळ ‘क्रियाशील’ असे छापले जाते. कशासाठी क्रियाशील, हा प्रश्न वाचकाने विचारायचा असतो.

१९८७ ते १९९० : विद्राव्य सीडी-४ ची कहाणी

हे सर्व शब्दच्छल आहे असे वाटू शकेल. म्हणून प्रत्यक्ष काय घडले ते पाहणे इष्ट ठरेल.

१९८४ मध्ये लंडनमधील रॉबिन वाइस व अँगस डॅल्ग्लिश यांच्या गटाने आणि पॅरिसमधील डेव्हिड क्लाट्झमन व सहकाऱ्यांनी एड्सचा विषाणू सीडी-४ ला धरूनच टी-पेशीत शिरतो असे दाखविले. १९८५ मध्ये रिचर्ड ॲक्सेल यांच्या प्रयोगशाळेतून सीडी-४ चे जनुक हाती आले. पुढची कल्पना सुचायला वेळ लागला नाही. विषाणूला दार हवे आहे ना, मग भिंत नसलेली दारेच रक्तात सोडावी. विषाणू त्या खोट्या दारांना चिकटून राहील आणि खऱ्या पेशी वाचतील. १९८७-८८ या दोन वर्षांत अनेक गटांनी जवळपास एकाच वेळी विद्राव्य सीडी-४ तयार केले आणि प्रयोगशाळेतील पेशींमध्ये विषाणूचा प्रसार त्याने थांबतो असे दाखविले. त्या वेळी एड्सवर मान्यताप्राप्त औषध एकच होते, १९८७ मध्ये आलेले एझेडटी. त्यामुळे या निकालांनी केवढी आशा निर्माण केली असेल याची कल्पना करता येते. तर्कही निर्दोष होता : विषाणूने आपले रूप कितीही बदलले तरी सीडी-४ ला धरण्याची त्याची गरज बदलणार नाही. सुट्या प्रथिनाचा रक्तातील निम्मा अंश तासाभराच्या आसपास नाहीसा होतो ही अडचण होती. त्यावर १९८९ मध्ये डॅनियल केपन व सहकाऱ्यांनी सीडी-४ ला प्रतिपिंडाचा देठ जोडून उपाय काढला. आज सर्रास दिसणारी एफसी-जोडणी रूढ होण्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

१९९० मध्ये पहिल्या चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध झाले. औषध रुग्णांना सोसले, पण दिलेल्या मात्रांना विषाणूवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी एरिक डार, डेव्हिड हो व सहकाऱ्यांनी कारणाचा एक मोठा भाग उघड केला. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढविलेल्या विषाणूंवर विद्राव्य सीडी-४ उत्तम चालत होते. रुग्णांच्या रक्तातून नुकतेच घेतलेले विषाणू निष्प्रभ करण्यासाठी मात्र २०० ते २,७०० पट अधिक प्रथिन लागत होते. प्रयोगशाळेतील विषाणू बशीतल्या पेशींना सरावले होते आणि त्यांचे आवरण सैल झाले होते. याखेरीज आफ्रिकी हिरव्या माकडांतील एका संबंधित विषाणूच्या बाबतीत विद्राव्य ग्राहीने संसर्ग कमी होण्याऐवजी वाढतो, असाही अनुभव त्याच वर्षी नोंदविला गेला.

या प्रकरणात कोणत्याही प्रयोगशाळेने खोटा निकाल दिला नव्हता. कुपीतील प्रथिन शुद्ध होते, बांधणीही खरी होती. चूक होती ती ‘बांधतो, म्हणजे रोखतो’ या उडीत. बांधणी ही त्या विषाणूच्या प्रवेशक्रियेतील पहिली पायरी होती, तिला पुढे काही पायऱ्या होत्या, आणि त्या पायऱ्या कुपीत नव्हत्या. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची पायरी १९९६ मध्ये समजली. विषाणूला सीडी-४ बरोबर पेशीवरचा दुसरा एक ग्राही, सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४, लागतो. सीडी-४ ला धरल्यावर विषाणूचे पृष्ठप्रथिन आपला आकार बदलते आणि या दुसऱ्या ग्राहीसाठी जागा उघडते. म्हणजे सीडी-४ हे विषाणूसाठीही निव्वळ दार नव्हते, ती एक सूचनाही होती. खोट्या दारांचे रूपक देखणे होते आणि त्यानेच हा भाग झाकला गेला.

उताऱ्याचे सामर्थ्य

एवढे झाल्यावर हे प्रथिन निरुपयोगी ठरले असे कोणी म्हणेल तर ते तितकेच एकांगी होईल. विषाणूचा आकार बदलविण्याची विद्राव्य सीडी-४ ची क्षमता उपचारात अडचणीची ठरली, पण संशोधनात तीच साधन बनली. १९९८ मध्ये पीटर क्वाँग, वेन हेंड्रिक्सन व सहकाऱ्यांनी जीपी-१२० ची त्रिमितीय रचना उलगडली, ती सीडी-४ चे पहिले दोन खंड त्याला जोडून आणि एका प्रतिपिंडाच्या साहाय्याने स्थिर करून. उताऱ्याला उतारा म्हणून वापरले तेव्हा त्याने अचूक काम दिले. पुढे २०१५ मध्ये मायकेल फॅरझन यांच्या गटाने सीडी-४ च्या बाह्यभागाला सीसीआर-५ ची नक्कल करणारा छोटा पेप्टाइड जोडला. या जोडप्रथिनाने निरनिराळ्या प्रकारचे विषाणू प्रयोगशाळेत रोखले आणि माकडांमध्येही संरक्षण दिले. पहिल्या प्रयत्नात गाळलेला संदर्भ येथे परत जोडला होता.

दुसरे उदाहरण सीटीएलए-४ या ग्राहीचे. त्याचा बाह्यभाग आणि प्रतिपिंडाचा देठ मिळून झालेले ॲबॅटासेप्ट हे औषध २००५ अखेर अमेरिकेत संधिवाताभ आमवातासाठी मान्य झाले. ते यशस्वी ठरते याचे कारण त्याला शेपूट नाही हेच. टी-पेशीला चेतविणाऱ्या सीडी-८० आणि सीडी-८६ या रेणूंना ते अडवून धरते, त्यापलीकडे त्याने काही कळवावे अशी अपेक्षाच नाही. धरून ठेवणे हेच जेथे काम आहे तेथे तुकडा पुरतो.

सीडी-२८ आणि लंडनमधील सहा स्वयंसेवक

बांधणी आणि कार्य यांतील अंतर किती महाग पडू शकते याचे उदाहरण पुनर्संयोजित ग्राहीचे नसले तरी ग्राहीचेच आहे. सीटीएलए-४ ज्या रेणूंना धरतो त्यांनाच धरणारा सीडी-२८ हा टी-पेशीचा चेतक ग्राही. त्याला बांधून पेशी चेतविणारे टीजीएन-१४१२ नावाचे प्रतिपिंड १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी स्वयंसेवकांना प्रथमच देण्यात आले. मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ०.१ मिलिग्रॅम होती, म्हणजे माकडांनी विनातक्रार सोसलेल्या मात्रेच्या ५०० पटींनी कमी. सुमारे दीड तासात सहाही जणांना तीव्र त्रास सुरू झाला, सर्वांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सर्व वाचले, पण एकाला बोटे गमवावी लागली.

माकडाच्या आणि माणसाच्या सीडी-२८ मध्ये हे प्रतिपिंड ज्या बाह्यभागाला बांधते तो सारखा होता, आणि या साम्यावरच माकडांतील चाचणी माणसासाठी ग्राह्य धरली गेली होती. पुढील तपासात दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली : रक्तातील पेशींत हे प्रतिपिंड नुसते विरघळवून घातले तर पेशी शांत राहत, तेच बशीच्या पृष्ठभागावर वाळवून चिकटविले तर त्या माणसांत झाला तसाच उद्रेक करीत. दुसरी, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली : स्मृती टी-पेशींच्या ज्या गटाने माणसांत हा उद्रेक केला असावा, त्या गटावर माकडांमध्ये सीडी-२८ नसतोच. रेणू तोच, बांधणी तीच, पण तो कोणत्या पेशीवर आहे आणि त्याला कोणत्या अवस्थेत धरले आहे, यावर सर्व अवलंबून होते. बांधणीच्या कोणत्याही तक्त्यात हे दोन रकाने नव्हते.

आपल्या प्रकल्प-अहवालांपुरते

जैवरसायनशास्त्रातील जाणकार यावर म्हणतील की, कुपीत बाह्यभागच असतो हे कोणाला ठाऊक नाही? ज्याने ती कुपी स्वतः वापरली त्याला ते ठाऊक असते, हे मान्य. पण मजकूर त्याच्यापाशी थांबत नाही. तो शोधनिबंधात जातो, तेथून संदर्भग्रंथात, तेथून अन्य विद्याशाखेच्या अभ्यासकाकडे, आणि प्रत्येक टप्प्यावर विशेषणे गळत जातात.

महाविद्यालयांच्या पातळीवर तर हा प्रश्न आता कुपीवाचूनही उद्भवतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या विभागांना अशी कुपी परवडत नाही. परंतु ग्राहींच्या त्रिमितीय रचना संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्यांत एखाद्या वनस्पतीतील रेणू बसवून बांधणी-ऊर्जेचा अंक काढण्याची आज्ञावलीही विनामूल्य आहे. करोनाच्या साथीनंतर गुळवेल, अश्वगंधा, हळद यांतील रेणू रोगप्रतिकार ग्राहींवर बसवून पाहणारे पुष्कळ प्रकल्प-अहवाल आणि लेख वाचनात येतात. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा उत्तम सराव आहे आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो अंकानंतर येणाऱ्या वाक्याला. उणे आठ-नऊ असा काहीसा अंक मिळतो आणि पुढच्याच ओळीत ‘त्यामुळे हा घटक रोगप्रतिकारशक्ती वाढवितो’ असे लिहिले जाते. संगणकातील रचना हीदेखील बहुधा ग्राहीच्या बाह्यभागाचीच असते, कारण स्फटिक तयार करण्यासाठीही तेच कापावे लागते. म्हणजे शेपूट नसलेल्या तुकड्यावर, पेशी नसताना, केवळ गणिताने काढलेल्या बांधणीवरून शरीराच्या कार्याविषयी विधान केले जाते. बांधणारा रेणू ग्राहीला चेतवील, अडवील की काहीच करणार नाही, हे त्या अंकात नसते. १९८८ च्या संशोधकांच्या हाती निदान खरे प्रथिन आणि खरा विषाणू होता.

मूल्यमापन करणाऱ्या अध्यापकाला यात हस्तक्षेप करण्यास वाव आहे, आणि त्यासाठी रोगप्रतिकारशास्त्राचे विशेष ज्ञान लागत नाही. भाषेच्या अध्यापकाने अवतरणाबाबत जी सवय लावलेली असते, कोठून घेतले, किती घेतले, काय गाळले, तीच येथे पुरेशी आहे. अहवालात ‘पुनर्संयोजित मानवी सीडी-४ प्रथिन वापरले’ असे वाक्य आले तर त्याऐवजी असे लिहावयास सांगता येईल : ‘मानवी सीडी-४ या ग्राहीचा पेशीबाह्य भाग, चिनी हॅमस्टरच्या पेशींत तयार केलेला, टोकाला सहा हिस्टिडिने जोडलेला, आणि जीपी-१२० शी होणाऱ्या बांधणीवरून तपासलेला, या प्रयोगात वापरला.’ संगणकीय अहवालात कोणत्या क्रमांकाची रचना घेतली, तीत ग्राहीचा कोणता भाग आहे आणि कोणता नाही, हे पहिल्याच परिच्छेदात यावे; आणि ‘वाढवितो’ या क्रियापदाच्या जागी ‘बांधला जाण्याची शक्यता दिसते’ एवढेच राहावे. वाक्य लांबेल, किंचित बोजडही होईल. परिभाषेत ‘विद्राव्य ग्राही’ हा जुना शब्द परत आणला किंवा ‘ग्राही-बाह्यांश’ असा नवा शब्द रुळविला तर ते आटोपशीर होऊ शकेल. यांपैकी पहिल्या शब्दाला १९८७ पासूनचा आधार आहे, म्हणून माझी पसंती त्याला आहे.